आवडीच्या चिंध्या

आवडी माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल सांगायला बसले हाय तर आधीच कबूल करून टाकते, मला तिचा हेवा वाटतो. कालपरवापासून नाय, तीस वर्षं वाटतो. तेव्हा मी जे सांगेन त्यातलं थोडं तिखट तुमचं तुम्ही काढून ठेवा.

मी भागीरथी. सगळं खडपकोंड मला भागीवैनी म्हणतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची कोंड, पस्तीस उंबऱ्यांची वाडी, त्यातल्या निम्म्यांना कुलपं, माणसं मुंबईला. कोंडीच्या डोक्यावर भैरीचा माळ. तिथं उभं राहिलं की समोर कशेडीच्या घाटात अडकलेले ट्रक मोजता येतात.

आवडीचं माहेर शिवथरच्या खोऱ्यातलं. बापाच्या शेळ्या होत्या, ही सात वर्षांची असल्यापासून त्यांच्यामागं. शाळा दुसरीपर्यंत. दिसायला म्हणाल तर बुटकी, सावळी, चपला पायात कमी आणि हातात जास्त. बोलणं इतकं कमी की दोन वाक्यं सलग बोलली तर मी वळून बघते, कुणी पाहुणी आली की काय म्हणून. तरी जो तो तिचं कौतुक करणार. लोकांना तिच्यात काय दिसतं ते मला मेलीला अजून कळलेलं नाय.

माझं लग्न येसाजीशी, तिचं त्याच्या धाकट्या भावाशी, गोमाजीशी. गोमाजी घाटकोपरला कंपनीत, म्हणून ती मुंबईत आणि मी इथं. गुरं मी, शेत मी, सासूबाईंच्या गुडघ्याला तेल मी. ही शिमग्याला चार दिवस येणार, ओटीवर बसून सासूबाईंचे केस विंचरणार, आणि सासूबाई शेजारणीला सांगणार, ‘‘माझी आवडी बघ गो, कशी शांत!’’ चार दिवस कुणीही शांत राहील. बारा महिने राहून दाखवा म्हणावं.

सासूबाईंचं एक लुगडं होतं. हिरवं, लाल काठाचं, नऊवारी, घट्ट विणीचं. पालखीच्या दिवशी तेवढं ट्रंकेबाहेर निघायचं. घरात आले तेव्हापासून माझा त्या लुगड्यावर डोळा होता, लपवत नाय. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा सात महिने मी त्यांना उचलून बसवलं, उचलून निजवलं. आणि जायच्या आधी त्यांनी ट्रंक उघडायला लावली नि लुगडं दिलं कुणाला? आवडीला! मला काय मिळालं? चूल. ती आधीपासून माझ्याकडंच होती.

बरं, आवडीनं ते कधी नेसलं सुद्धा नाय. घडी करून ठेवून दिलं. नेसली असती तर निदान मला बघायला तरी मिळालं असतं.

सहा वर्षांपूर्वी गोमाजीची कंपनी बंद पडली, त्याला दम्यानं धरलं, आणि दोघं कायमची गावाला आली. मुंबईहून येताना माणसं मिक्सर आणतात, टीव्ही आणतात. गोमाजी सांगत होता, चाळीच्या गॅलरीत हिनं तेलाच्या डब्यात जांभळाचं रोप वाढवलं होतं. निघताना ते महापालिकेच्या भिंतीकडंला लावून आली नि भिंतीपलीकडच्या चहावाल्याला सांगून आली, कपबशा विसळलेलं पाणी ह्याला घाल म्हणून. हे ऐकून सगळ्या बाया ‘अगो बाय’ करत राहिल्या. मी उठून गुरांना पाणी दाखवायला गेले.

कारण झाडं हा माझा प्रांत होता. बारा वर्षं मी अंगणात रोपं करत होते. ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, जांभूळ, सगळं आपल्याच रानातलं बी. पंचक्रोशीत कुणाला रोप हवं तर भागीवैनीकडं. महाडला एका कार्यक्रमात मला शाल-नारळ मिळाला, पेपरात फोटो आला. फोटोत मी अर्धीच हाय, अर्ध्यात कुणीतरी पुढारी हाय, पण हाय. घरात एवढी एकच गोष्ट होती जी माझी होती आणि आवडीची नव्हती.

आता माळाचं सांगते. आमच्याकडं भाताचं रोप करायच्या आधी जमीन भाजतात. शेण, त्याच्यावर तोडलेल्या फांद्या, पातेरा, गवत, वरती माती, आणि मग विस्तव. ह्याला राब म्हणतात. त्या फांद्यांच्या भाऱ्यांना कवळं म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही कवळं तोडली ती भैरीच्या माळावरचीच. वर दर वर्षी वणवा. माळाला उरलं काय? दगड, गवत आणि इकडंतिकडं करवंदीची, धायटीची झुडपं. मग मागं तो मोठा पाऊस झाला, त्यात माळाचा एक लचका तुटून खाली खाचरात आला. माणूस गेलं नाय, पण सगळ्यांची झोप गेली.

त्यानंतर महाडच्या एका संस्थेचे हर्षदसर आले. तरुण माणूस, बोलणं शुद्ध, पण उन्हात फिरायला मागं नाय. कोंडीची सभा घेतली. म्हणाले, ‘‘माळावर पुन्हा इथलीच झाडं उभी करायची आहेत. लावणं सोपं असतं, जगवणं अवघड. पहिला उन्हाळा जे रोप काढतं ते पुढं सहसा मरत नाही. माळाचं सगळं काम पुढची दहा वर्षं कुणाच्या देखरेखीखाली करायचं, ते आपण एका उन्हाळ्यानंतर ठरवू.’’

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सारखा केला. माझ्या डोळ्यांपुढं तर पाटीच उभी राहिली, भागीरथीबाईंचं रान. लोकांनी खालून जाताना बोट दाखवावं नि म्हणावं, हे भागीवैनीनं उभं केलं. जन्मात मला दुसरं काय हवं होतं?

आणि मागून आवाज आला, ‘‘मी पण लावते थोडी.’’ आवडी! दोन वाक्यं सुद्धा नाय, एकच, पण बरोबर माझ्या पाटीवर.

हर्षदसर खूष. माळाच्या मधून व्हाळ येतो, पावसाळ्यात वाहणारा ओढा. व्हाळाच्या अलीकडचा उतार मला, पलीकडचा आवडीला. तीनशे रोपं तिला, तीनशे मला, दोन्ही माझ्याच अंगणातली. चैत्र संपताना मोजणी. जिची रोपं जास्त जगतील तिच्या हाती माळ. मोजायला सर आणि त्यांच्या सोबतीला खालच्या वस्तीतल्या मंजुळाबाई. त्या अंगणवाडीत शिकवतात, कुणाच्या मिंध्या नाय.

रोपं वाटायचं काम माझ्याकडं होतं. मी काय केलं असेल? उंच, तजेलदार, कंबरेला लागतील अशी तीनशे माझ्या बाजूला काढली. आणि जी वीतभर, वाकडी, एका पानाची, ती आवडीच्या टोपल्यांत भरली. तिनं एकेक हातात घेऊन बघितलं नि म्हणाली, ‘‘बरी हायत गो वैनी.’’ मला वाटलं, वेडी हाय. मग वाटलं, टोमणा मारते. टोमणा तिला येत नाय हे मला माहीत होतं, पण असं मनाला सांगितलं की बरं वाटतं.

आषाढात लावणी झाली. मी माझा उतार असा साफ केला की शेणानं सारवलाय म्हणावं. भात बेणतो तसं एकूणएक गवत उपटलं, झुडपं खणून काढली, दोरी धरून ओळीत खड्डे घेतले. येणाराजाणारा थांबून बघायचा. येसाजी सुद्धा म्हणाला, ‘‘शेत केलंस गो माळाचं!’’ तो नवरा असून म्हणाला म्हणजे बघा.

आणि पलीकडं बाईसाहेबांचं काय चाललेलं? गवत तसंच. झुडपं तशीच. एकेका करवंदीच्या जाळीत वाकून, हाताला काटे ओरबाडून घेऊन, बुडाशी कुठंतरी रोप खुपसत होती. एका झुडपाला दोन, कुठं तीन. उन्हाच्या अंगाला एक दगड टेकवायचा, बुडाला कापलेलं गवत पसरायचं, झालं. मी व्हाळाच्या अलीकडून ओरडले, ‘‘आवडे, झाडं लावतेस का लपवतेस गो?’’

ती म्हणाली, ‘‘लपवते.’’

सगळ्या बाया हसल्या. मीच सगळ्यांत जास्त हसले.

दिवाळीपर्यंत माझी ओळ बघण्यासारखी होती. लोक फोटो काढायचे. आवडीच्या बाजूला नुसतं रान माजलेलं. एकच काय ते नवीन, तिच्या झुडपांना चिंध्या दिसायला लागल्या. जुन्या पातळाच्या, निळ्या, पिवळ्या, विटक्या. आमच्याकडं नवस बोललं की झुडपाला चिंधी बांधतात. बांधलेली चिंधी दुसऱ्यानं सोडायची नसते, आणि चिंधीच्या झुडपावर कुणी कोयता घालत नाय. गुराखी सुद्धा तिथं गुरं घुसू देत नाय. लोक म्हणाले, गोमाजीच्या दम्यासाठी आवडीनं नवस बोललाय. एवढे नवस? मी म्हटलं, मेलीला रोपं जगायची आशा उरली नाय, आता देवाच्या गळ्यात पडलीय. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला झोप छान लागली.

माघात माझ्या ओळीची पानं कडेनं करपायला लागली. फाल्गुनात ती गळाली. उघडा उतार, दुपारी हात ठेववेना इतकी तापलेली माती. मी हंड्यानं पाणी वाहिलं. सकाळी दहा खेपा, उन्हं उतरल्यावर दहा खेपा. घातलेलं पाणी मागं वळेपर्यंत सुकायचं. एक वाळलेला ऐन मी रागानं उपटला. मूळ बघितलं तर रोपाच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलं होतं तसंच गोल गोल, जिलेबीसारखं. खाली गेलंच नव्हतं. वर कंबरेएवढं वाढलेलं झाड, खाली जिलेबी. बारा वर्षं रोपं केली, पण पिशवीत जास्त दिवस ठेवलेलं रोप असं होतं हे कधी उपटून बघितलं नव्हतं. रोप माझ्या अंगणातून गेलं की माझं काम संपायचं ना!

तरी मी मनाला समजावत होते. माझी मेली, तर तिची काय जगणार? वीतभर, वाकडी, एका पानाची. दोघींचीही शून्य निघाली तरी चालेल, पण तिची जास्त नकोत. देवाला हात जोडून मी हे मागितलं. माणूस असं मागतं हो. बोलून दाखवत नाय एवढंच.

मोजणी शुक्रवारी होती. सोमवारी आवडी गोमाजीला घेऊन महाडला दवाखान्यात गेली. दुपारची कोंड शांत होती. मी व्हाळ ओलांडून पलीकडं गेले.

पहिल्या चिंधीच्या करवंदीत हात घातला. काटे बाजूला केले. आत गारवा. खरंच गारवा, चैत्राच्या दुपारी! बुडाला गवत कुजून काळी माती झालेली, आणि मधोमध जांभळाचं रोप. वीतभराचं हातभर झालेलं, शेंड्याला तांबूस कोवळी पालवी. मी दुसरी जाळी बघितली. किंजळ. तिसरी, धायटीच्या सावलीत ऐन, दोन ऐन. चौथी, हिरडा. जिथं चिंधी तिथं रोप, जिथं चिंधी तिथं रोप. शेळ्यांमागं हिंडलेली बाई ती. कुठलं झाड शेळीच्या तोंडातून वाचतं आणि का वाचतं हे तिनं लहानपणी उपाशीपोटी बघितलेलं, आणि ते डोक्यात तसंच ठेवलेलं, त्या लुगड्यासारखं घडी करून.

मी खाली बसले.  माझ्या अंगणातली टाकाऊ रोपं, आणि ती सुद्धा तिला वश झाली. सासूबाई झाल्या, कोंड झाली, सर झाले, आता झाडं पण? मी हंडे वाहून वाहून मान मोडली, आणि हिनं दगड टेकवला नि घरी गेली!

तेवढ्यात ध्यानात आलं. रोपं जाळीत, बाहेरून काय सुद्धा दिसत नाय. शुक्रवारी मोजणार कशी? चिंधी बघत बघत. चिंधी नसेल तर सर हिंडतील हिंडतील, दहावीस सापडतील, कंटाळतील.

मी पहिली गाठ सोडली. मन म्हणालं, भागे, नवसाची चिंधी हाय. मीच त्याला उत्तर दिलं, नवसाची कुठली? खुणेची हाय, हिनंच लोकांना फसवलंय. मग दुसरी सोडली. बारीक, घट्ट गाठी होत्या. दातांनी सैल केल्या, नखांनी सोडवल्या, काट्याला एक धागा राहू दिला नाय. सव्वाशेच्या घरात चिंध्या होत्या. उन्हं कलली तेव्हा माझ्या ओच्यात गाठोडं होतं, आणि हाताचं कातडं सोललेलं. घरी येऊन ते गाठोडं भाताच्या कणगीत खोल खुपसलं.

बुधवारी येसाजी सकाळी कोयता घेऊन गेला. कुठं निघालास, असं मी विचारलं सुद्धा नाय. दुपारी मोठे मोठे भारे खाचरात आणून टाकले. ‘‘यंदा कवळांसाठी लांब जायला लागलं नाय गो,’’ म्हणाला, ‘‘व्हाळापलीकडंच मिळाली.’’

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

खाचरात जाऊन बघितलं. करवंद, धायटी, कुडा, सगळं एकत्र कापून बांधलेलं. आणि त्यात मधेमधे ती तांबूस पालवी. अजून मऊ होती. मी एक भारा सोडला, दुसरा सोडला. ऐन, जांभूळ, किंजळ, हिरडा. मोजली. सत्तावीस. माझ्याच राबात, माझ्याच भातासाठी.

मला काय वाटलं ते सांगते, मग तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा. पहिल्यांदा वाटलं, सत्तावीस कमी झाली. त्यानंतर लाज वाटली. पण पहिल्यांदा ते वाटलं.

गुरुवारी सकाळी आवडी माझी सूपं परत द्यायला आली. वाट खाचराच्या बांधावरून. येसाजी भारे वाळायला पसरत होता, मी ओटीवरून बघत होते. ती थांबली, वाकली, एक डहाळी उचलली. जांभळाची होती.

‘‘भावजी, हे कुठनं तोडलंत?’’

‘‘व्हाळापलीकडनं. का गो?’’

‘‘माझी रोपं होती त्यात.’’

येसाजीनं कोयता खाली ठेवला. साधा माणूस तो. म्हणाला, ‘‘अगो, तिथं चिंधी कुठं होती? चिंधी असती तर मी हात लावला असता का? मी आपलं म्हटलं, नवस फिटला, तू सोडून नेल्यास. आईशप्पथ, मला रोप दिसलं नाय गो.’’

आवडीनं डहाळी परत भाऱ्यावर ठेवली. तिनं ओटीकडं बघितलं, माझ्याकडं. माझ्या हातांकडं. मी हात पदराखाली घेतले. ती सूपं उंबऱ्याशी ठेवून गेली. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, छाती बडवली असती तर मी पण चार ऐकवल्या असत्या, मला जमतं ते. ती नुसती गेली. तिचा तो शांतपणा! त्या घडीला सुद्धा मला त्याचा हेवा वाटला.

शुक्रवारी पहाट झाली तशी मी कणगीतून गाठोडं काढलं. परत बांधायचं का व्हाळात टाकायचं, हे माझं ठरलं नव्हतं. गाठोडं पदराखाली धरून माळावर गेले. म्हटलं, तिथं पोचेपर्यंत काहीतरी ठरेल.

पोचले तर सर आधीच आलेले, मंजुळाबाई आलेल्या, आठदहा बाया होत्या, येसाजी मान खाली घालून उभा. आणि व्हाळापलीकडं एकेका झुडपावर हिरवी चिंधी. ताजी, घट्ट विणीची. कुठंकुठं तिला लाल काठ.

मला ते कापड ओळखायला जवळ जावं लागलं नाय.

आवडी खालच्या जाळीशी उकिडवी बसलेली. मांडीवर उरलेलं लुगडं, दातात धरून टर्रकन फाडायची, बांधायची, पुढं सरकायची. सगळी रात्र नि सगळी पहाट तिनं हेच केलं असणार. जिथं येसाजीनं तोडलं होतं तिथं नुसते बुडखे उरलेले, त्यांच्याभोवती तिनं काटे रचले होते, आणि त्या काट्यांना सुद्धा चिंधी. नऊवारी होतं ना, पुरलं सगळ्यांना.

मंजुळाबाई कळवळून म्हणाल्या, ‘‘अहो आवडीबाई, सासूचं लुगडं ना हे? असं फाडतात?’’

‘‘जुन्या चिंध्या वाऱ्यानं गेल्या,’’ आवडी म्हणाली. ‘‘हे कापड जाड हाय. टिकेल.’’

तिनं हे सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्याकडं बघितलं सुद्धा नाय. एवढ्यावर ते मिटलं असतं. मी गाठोडं व्हाळात सोडलं असतं तर आजतागायत वाराच दोषी राहिला असता.

मोजणी झाली. माझी अडतीस. तिची एकशे एक्क्याण्णव, वर सत्तावीस बुडखे. हर्षदसर बुडख्यांपाशी थांबले. म्हणाले, ‘‘ही मात्र गेलेली धरावी लागतील.’’

‘‘खाली मूळ हाय,’’ आवडी म्हणाली.

‘‘असू दे हो, पण वाऱ्यानं एवढ्या सगळ्या चिंध्या एकदम जातात म्हणजे कमाल आहे,’’ सर म्हणाले.

मी पदराखालून गाठोडं काढलं नि सरांच्या पायाशी ठेवलं. सोडलं. निळ्या, पिवळ्या, विटक्या. ‘‘वारा नाय,’’ म्हटलं, ‘‘मी.’’

 येसाजीनं माझ्याकडं असं बघितलं की त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं. मी आवडीला म्हटलं, ‘‘बोल की गो! आता तरी बोल! तुझ्या नशिबाला जळते मी. शिव्या घाल मला.’’

ती हातातली गाठ पुरी करून उठली.

‘‘मला सोमवारीच कळलं, वैनी,’’ ती म्हणाली. ‘‘महाडवरनं येताना वर आले होते. वाऱ्यानं चिंधी गेली तर काट्याला धागा राहतो. एका पण काट्याला धागा नव्हता. एवढ्या गाठी सोडवायला बसेल असं कोंडीत कोण हाय? तूच. तुझ्याएवढं नेटकं काम कुणाचं नाय. तेव्हाच नव्या बांधायला हव्या होत्या, पण यांचा दम वाढला, दोन दिवस उठताच आलं नाय. बुधवार हातचा गेला.’’

‘‘मग तेव्हाच येऊन विचारलं का नायस मला?’’

‘‘काय विचारू? तुला हवंय ते मला माहीत होतं. लुगडं पण हवं होतं तुला. मी आईंना म्हटलं होतं, वैनीला द्या. त्या म्हणाल्या, ती राबणारी, तिला कशाला, दोन दिवसांत चिंध्या करील.’’ आणि माझ्या हातात तिनं लुगड्याचा उरलेला तुकडा दिला. हातभर असेल. ‘‘हे बांधायचं राहिलंय. वरच्या बुडख्याला बांध. आणि ते सत्तावीस तुझे. तू बघायचे. पाणी वाहत बसू नकोस, सावली कर.’’

मी ते कापड बांधलं. तीस वर्षांनी ते लुगडं माझ्या हातात आलं, आणि मी ते बुडख्याभोवतीच्या काट्याला गाठ मारून बांधलं. वीण अजून तशीच होती हो. घट्ट.

माळ आवडीच्या हाती गेला. ह्याला दोन वर्षं झाली. रोपं अजून माझ्याच अंगणात होतात, पण पिशवीत आता मी त्यांना उंच होऊ देत नाय, वीतभर झाली की वर. खालच्या कोंडीतल्या बाया पण चिंध्या बांधायला लागल्यात. येसाजी कवळं तोडायला गेला की आधी झुडपात वाकून बघतो. राब पण आम्ही आता अर्ध्याच खाचराला भाजतो, बाकी शेणखतावर भागवतो.

पहिल्या पावसाळ्यानंतर सत्तावीसमधली एकोणीस बुडाशी फुटली. आवडी म्हणाली होती तसंच, खाली मूळ होतं. रोज सकाळी कुणी वर यायच्या आत मी जाऊन बघून येते. तो वरचा बुडखा जांभळाचा निघाला, आता माझ्या खांद्याला लागतो. हिरवी चिंधी ऊन खाऊन पांढरी पडलीय, पण गाठ सुटलेली नाय.

हेवा गेला का? छे हो. तो काय एका शुक्रवारी जातो? सर पाहुण्यांना घेऊन येतात आणि आवडीबाई, आवडीबाई करतात तेव्हा अजून मला ते ऐकवत नाय. मी चहा ठेवायला घरात जाते.

परवा कशेडीकडनं एक म्हातारा माळावरून चालला होता. तो माझ्या जांभळापाशी थांबला. हात लावून बघितलं. आजूबाजूला नजर फिरवली, सगळ्या उतारावर. मग मला विचारलं, ‘‘काय गो बाय, हे रान कुणी जगवलं?’’

आजूबाजूला कुणी नव्हतं. आवडी नव्हती, येसाजी नव्हता, सर नव्हते. माझं नाव माझ्या ओठांपर्यंत आलेलं, अगदी दातांपाशी. त्याला काय, तो पुढच्या वळणावर विसरला असता.

‘‘आवडीनं,’’ मी म्हटलं. ‘‘माझी जाऊ ती.’’